बिघाड बहुधा पेशंटच्या टोकाला असतो

मोठं ऑपरेशन झालेला पेशंट आयसीयूत येतो तेव्हा पहिली पाच-सात मिनिटं सगळ्यांचे हात एकदम चालतात. एकजण व्हेंटिलेटर जोडतो, एकजण ड्रेन आणि कॅथेटर सावरतो, एकजण मॉनिटरच्या वायरींचा गुंता सोडवतो. मग स्क्रीनवर एकेक रेघ उमटते, आकडे येतात आणि सगळे जरा सैलावतात. खरं काम तिथून पुढे. आलेला आकडा खरा आहे का, हे त्याच वेळी पाहिलं नाही, तर पुढची अख्खी शिफ्ट चुकीच्या आकड्यावर औषधं वाढवण्या-कमी करण्यात जाते. मॉनिटरच्या डब्यात दोष क्वचित सापडतो. तो असतो वायरीच्या दुसऱ्या टोकाला: इलेक्ट्रोड कातडीला चिकटतो तिथे, सॅच्युरेशनचा (रक्तातल्या ऑक्सिजनचा) प्रोब बोटाला बसतो तिथे, ट्रान्सड्यूसर (रक्ताचा दाब मोजणारा सेन्सर) टांगला जातो त्या उंचीवर.

पेशंट यायच्या आधी करायची एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे मागच्या पेशंटला मॉनिटरमधून डिस्चार्ज करणं. ते केलं नाही की जुने ट्रेंड तसेच राहतात, जुन्या अलार्म लिमिट राहतात आणि पेसमेकरचं सेटिंगही जुनंच राहतं. पेसमेकर असलेल्या माणसाला पेसर डिटेक्शन (पेसमेकरचे झटके वेगळे ओळखणारं सेटिंग) चालू हवं. ते बंद असेल तर हृदयाने दाद देणं थांबवलं तरी मशीन पेसिंगच्या स्पाइकलाच ठोका समजून ‘रेट ७०’ दाखवत राहू शकतं. याच वेळी मोड बघायचा: अ‍ॅडल्ट, पीडियाट्रिक की निओनेट. कफ किती दाबापर्यंत फुगणार, हे त्यावर ठरतं. नवजात बाळाला चुकून अ‍ॅडल्ट मोडवर ठेवणं ही छोटी चूक नाही.

ईसीजीच्या लीड लावताना रंगांच्या दोन पद्धती आहेत आणि एकाच वॉर्डात दोन्ही केबल सापडतात. अमेरिकन पद्धतीत उजवा हात पांढरा, डावा हात काळा, डावा पाय लाल, उजवा पाय हिरवा, छातीची लीड तपकिरी. आयईसी (आंतरराष्ट्रीय) पद्धतीत उजवा हात लाल, डावा पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा, छाती पांढरी. लाल, हिरवा, काळा आणि पांढरा दोन्हींत आहेत, पण जागा वेगळ्या. गोंधळ तिथेच होतो. सवयीने रंगावर हात गेला आणि केबल दुसऱ्या पद्धतीची निघाली, तर लीड टूमध्ये (ईसीजीच्या एका ठरावीक कोनातून दिसणाऱ्या रेघेत) सगळं उलटं दिसतं आणि कुणीतरी बारा लीडचा ईसीजी मागवतं. म्हणून रंग पाठ असले तरी क्लिपवरची अक्षरं वाचावीत. ‘हाता’चे इलेक्ट्रोड कॉलरबोनच्या खाली, खांद्याजवळ, ‘पाया’चे फासळ्यांच्या खालच्या कडेला. हाडाच्या उंचवट्यावर किंवा जाड स्नायूवर लावू नयेत, हालचालीचा खडखडाट तिथे जास्त येतो.

कातडीची तयारी हा कंटाळवाणा भाग, म्हणून तोच गाळला जातो. केस असतील तर क्लिपरने कापायचे; रेझर नको, बारीक जखमा होतात. साबण-पाण्याने पुसून कोरडं करायचं आणि कोरड्या गॉजने दोन-तीनदा जरा जोराने घासायचं, म्हणजे वरचा मृत थर निघतो. स्पिरिट फिरवायची पद्धत सर्रास दिसते, पण त्याने कातडी कोरडी पडते आणि विजेला होणारा विरोध वाढतो. इलेक्ट्रोडच्या मधे ओलं जेल असतं, ते खरं काम करतं. पाकीट फोडून ट्रॉलीवर उघडं पडलेलं असेल तर जेल सुकलेलं असतं. बोट लावून बघावं, ओलसर लागलं नाही तर टाकून द्यावं. चिकटवताना मधोमध दाबायचं नाही, जेल पसरतं आणि पकड जाते. बोट कडेकडेने गोल फिरवायचं. क्लिप आधी इलेक्ट्रोडला लावावी आणि मग इलेक्ट्रोड पेशंटला, म्हणजे टाके घातलेल्या छातीवर जोर द्यावा लागत नाही. सगळे इलेक्ट्रोड एकाच कंपनीचे असावेत आणि रोज बदलावेत. ‘लीड ऑफ’चे आणि खोट्या अरिदमियाचे (हृदयाची लय बिघडल्याचे) अलार्म कमी करायला याहून स्वस्त उपाय नाही.

आता रेघ आली. लीड टूमध्ये पी वेव्ह (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची छोटी लाट) चांगली दिसते, म्हणून बहुतेक जण तीच ठेवतात. पाच लीडची केबल असेल तर दुसऱ्या ओळीत व्ही वन ठेवावी. रुंद क्यूआरएसची (ठोक्याच्या मुख्य टोकदार लाटेची) धावपळ सुरू झाली की ती हृदयाच्या खालच्या कप्प्यातून आहे की वरच्या, हे ठरवायला तीच उपयोगी पडते. मॉनिटर मोडचं फिल्टर साधारण ०.५ ते ४० हर्ट्झ असतं. रेघ स्वच्छ दिसते, पण ०.५ चं खालचं टोक एसटी सेगमेंटला (क्यूआरएसनंतरच्या सपाट भागाला) वर-खाली करू शकतं. डायग्नोस्टिक मोड ०.०५ पासून सुरू होतो. म्हणून मॉनिटरवर एसटी उचललेला दिसला की लगेच हार्ट अटॅक म्हणायचं नाही आणि सपाट दिसला म्हणून निर्धास्तही व्हायचं नाही. बारा लीड काढायची.

दोन फसवणुका नेहमीच्या. पहिली, टी वेव्ह (क्यूआरएसनंतर येणारी लाट) उंच असली की मशीन तिलाही ठोका समजतं. ईसीजीचा रेट १४०, आणि खाली प्लेथवरून (सॅच्युरेशनच्या लाटेवरून) येणारा पल्स रेट बरोब्बर ७०. असं निम्मं गणित दिसलं की लीड बदलायची, टी बुटकी दिसेल अशी निवडायची. पोटॅशियम वाढलं की टी उंच होते, म्हणून रक्ताचा एक सॅम्पलही पाठवावा. दुसरी, कुडकुडणारा, खाजवणारा किंवा दात घासणारा पेशंट. स्क्रीनवर हुबेहूब व्हीटी (खालच्या कप्प्यातून उठणारी धोकादायक जलद लय) दिसतं आणि लाल अलार्म वाजतो. त्या क्षणी नजर एका ओळीने खाली न्यायची. सॅच्युरेशनची किंवा आर्ट लाइनची (धमनीत घातलेल्या, सतत बीपी दाखवणाऱ्या नळीची) लाट शांतपणे, एका तालात चालू असेल तर हृदय ठीक आहे. पट्टी छापून बघितली तर त्या गोंधळातूनही मूळ क्यूआरएसची टोकं ठरावीक अंतरावर डोकावताना सापडतात. आणि लाटही सपाट झाली असेल, तर पट्टी बघत बसायची ती वेळ नव्हे.

श्वासाचा आकडा याच इलेक्ट्रोडमधून येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मशीन छातीतून उच्च वारंवारतेचा अगदी बारीक प्रवाह सोडतं आणि छाती फुगली-बसली की विरोध किती बदलतो ते मोजतं. त्याला मोजता येते ती छातीची हालचाल, हवा नाही. घसा बंद होऊन हवा आत जात नसली तरी छाती धडपडत असते, आणि मशीन ‘१८’ दाखवतं. कधी हृदयाची धडधडच श्वास म्हणून मोजली जाते. श्वासाचा आणि हृदयाचा रेट सारखाच दिसला की ओळखावं. सगळ्या आकड्यांत हा सर्वांत कच्चा, आणि पेशंट बिघडायला लागला की सगळ्यांत आधी हलतो तोही श्वासाचाच रेट. त्यामुळे चार्टवर लिहिण्याआधी पूर्ण ६० सेकंद पोटा-छातीकडे बघून मोजणं हे जुनाट वाटलं तरी सोडू नये.

सॅच्युरेशनच्या प्रोबमध्ये दोन दिवे असतात: एक लाल, सुमारे ६६० नॅनोमीटरचा आणि एक इन्फ्रारेड, सुमारे ९४० चा. बोटातून पार होणाऱ्या उजेडातला फक्त ठोक्यागणिक हलणारा भाग मशीन घेतं, कारण तो धमनीतल्या रक्ताचा असतो. ही कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ च्या सुमाराची. ते रंगद्रव्य वापरून हृदयातून किती रक्त फेकलं जातं ते मोजू पाहत होते आणि नाडीचे हेलकावे त्यात अडथळा आणत होते. तो अडथळाच पुढे कामाचा ठरला. आजही प्रोबचं सगळं नशीब त्या हेलकाव्यावर आहे. म्हणून आकड्याआधी लाट बघायची. लाट टोकदार, तिच्या उतारावर छोटी खाच, आणि पल्स रेट ईसीजीशी जुळणारा असेल तर आकडा घ्यायचा. लाट वेडीवाकडी असेल तर ९९ आणि ७९ दोन्हींची किंमत सारखीच.

आकडा पडला की ऑक्सिजन वाढवता वाढवता दुसरा हात बोटाकडे जायला हवा. बोट थंडगार आहे का? त्याच हाताला बीपीचा कफ फुगतोय का? (हे इतकं घडतं की दर पंधरा मिनिटांनी पडून मिनिटाभरात सावरणारं सॅच्युरेशन ऐकल्याबरोबर जाणकार सिस्टर लांबूनच कफ कुठल्या हाताला आहे ते विचारते.) प्रोब अर्धा घसरून उजेड बाजूने थेट सेन्सरवर जातोय का? नखाला गडद पॉलिश आहे का? प्रोब आडवा लावला तर पॉलिशचा त्रास बराच कमी होतो. हातपाय गार पडलेल्या, नॉरॲड्रेनॅलिन (रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) चालू असलेल्या पेशंटला बोट सोडून कानाची पाळी किंवा कपाळावरचा खास प्रोब घ्यावा. तिथे बदलही लवकर दिसतो. बोटावर प्रत्यक्ष घट आणि आकडा यांत अर्धा मिनिट किंवा जास्तही अंतर पडतं. म्हणजे श्वासनलिकेत ट्यूब टाकताना स्क्रीनवर ९० दिसतं तेव्हा आतली स्थिती त्याच्या पुढे गेलेली असते.

काही वेळा लाट सुंदर असते आणि आकडा तरी खोटा. धुरात सापडलेल्या माणसाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड असतो; साधा प्रोब त्याला ऑक्सिजनच समजून छान आकडा दाखवतो. मेटहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं, बदललेलं हिमोग्लोबिन) बरंच वाढलं की आकडा ८५ च्या आसपास येऊन अडकतो आणि ऑक्सिजन कितीही दिला तरी हलत नाही. मेथिलिन ब्लू (औषध म्हणून देतात ते निळं रंगद्रव्य) शिरेतून दिलं की काही मिनिटं आकडा धाडकन पडतो, पेशंटला काही झालेलं नसताना. गडद त्वचेच्या पेशंटमध्ये आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त येऊ शकतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर पुन्हा ठळकपणे पुढे आलं. ९२-९३ वर घुटमळणाऱ्या अशा पेशंटचा एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) करावा. प्रोबची जागा दर दोन-चार तासांनी बदलायची, नाहीतर सुजलेल्या बोटाला दाबाची जखम होते आणि पेशंट बेशुद्ध असेल तर कुणाला कळतही नाही.

आर्टिरियल लाइन, म्हणजेच आर्ट लाइन, या सगळ्यांत जास्त विश्वासाची मानली जाते. तिचा गैरवापर जास्त होतो तो म्हणूनच. ५०० मिलीची सलाइनची पिशवी प्रेशर बॅगमध्ये घालून ३०० मिमी (पारा) दाबापर्यंत फुगवली की तासाला साधारण ३ मिली थेंबथेंब जात राहतं आणि कॅथेटर उघडा राहतो. पिशवी फुगवण्याआधी तिच्यातली हवा काढायची आणि ट्यूबिंग भरायची तीही दाब न देता, फक्त पिशवी उंच धरून, हळूहळू. आधी दाब देऊन भरली तर बारीक बुडबुडे थ्री-वेच्या (तीन तोंडांच्या तोटीच्या) कोपऱ्यांत लपून बसतात आणि पुढे तासभर टिचक्या माराव्या लागतात. पिशवी रिकामी होत जाते तसा दाबही उतरतो. काटा हिरव्या पट्ट्यातून खाली आला की रक्त मागे चढतं आणि गुठळी होते. पिशवीवर काय लिहिलंय ते वाचून मगच लावायची. चुकून डेक्स्ट्रोज लागलं तर त्या लाइनमधून काढलेल्या सॅम्पलमध्ये साखर भलतीच जास्त येते, इन्सुलिन वाढवलं जातं आणि पेशंटची खरी साखर तळाला जाते. असे मृत्यू झालेले आहेत.

मग झिरो आणि लेव्हल. हे दोन शब्द एकत्र बोलले जातात, त्यामुळे एक केलं की दुसरं झालं असं वाटतं. झिरो म्हणजे थ्री-वे हवेला उघडून मशीनला सांगणं की हा शून्य. लेव्हल म्हणजे ट्रान्सड्यूसर हृदयाच्या उंचीला आणणं: चौथ्या फासळीमधली जागा आणि काखेच्या मध्यरेषेचा छेद. तिथे पेनाने फुली मारून ठेवावी, नाहीतर प्रत्येक शिफ्टची फुली वेगळी होते. उंचीत १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे आकड्यात सुमारे ७.५ मिमीचा. ट्रान्सड्यूसर खाली तर आकडा खोटा वर, ट्रान्सड्यूसर वर तर आकडा खोटा खाली. समजा स्टँडला ट्रान्सड्यूसर लावलाय, पाठ पुसायला कुणीतरी बेड १५ सेंटिमीटर वर घेतला आणि तसाच ठेवला. मीन प्रेशर (सरासरी दाब) ६८ दिसतंय, लक्ष्य ६५, सगळे खूश. खरं मीन ५७ आहे. मूत्रपिंडांना ते समजतं, स्क्रीनला समजत नाही. बेडचा रिमोट हातात घेतला की दुसरा हात ट्रान्सड्यूसरकडे गेला पाहिजे.

लाइन नीट आहे का, याची चाचणी दहा सेकंदांची आहे. फ्लशची दोरी ओढून सोडायची. स्क्रीनवर रेघ सरळ वर जाते, सपाट राहते आणि सोडल्यावर खाली येऊन एक-दोनदा उसळून पुन्हा लाट सुरू होते. एकही उसळी आली नाही तर लाइन ओव्हरडॅम्प: बुडबुडा, गुठळी, मनगट वाकल्यामुळे मुडपलेला कॅथेटर किंवा सैल जोड. अशा वेळी सिस्टोलिक (वरचं बीपी) कमी आणि डायस्टोलिक (खालचं) जास्त दिसतं, लाट गोलमटोल होते. उसळ्या तीन-चार किंवा जास्त आल्या तर अंडरडॅम्प, सिस्टोलिक फुगून दिसतं. ट्यूबिंगला जोडलेली फाजील लांबी काढली की बऱ्याचदा सुधारतं. दोन्हींत मीन फारसं ढळत नाही, म्हणून औषध मीनवर चालवावं.

कफचं बीपी आणि आर्ट लाइन जुळत नाहीत तेव्हा कोण खरं, हा वाद रोजचा. स्वयंचलित कफ मुळात कंपनांवरून मीन शोधतो. सिस्टोलिक-डायस्टोलिक हिशेबाने काढलेले असतात, प्रत्येक कंपनीचं सूत्र वेगळं. तेव्हा तुलना करायची तर मीनची मीनशी. कफची रुंदी दंडाच्या घेराच्या ४० टक्के आणि आतल्या रबरी पिशवीची लांबी घेराच्या ८० टक्के हवी. लहान कफने बीपी जास्त दिसतं, आणि गलेलठ्ठ दंडाला हाताशी असलेला मधल्या मापाचा कफ गुंडाळणं ही खोट्या हायपरटेन्शनची नेहमीची वाट आहे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (ठोके अनियमित पडतात तेव्हा) एका मोजणीवर जाऊ नये, दोन-तीन घ्याव्यात. डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शिरेचा केलेला जोड) असलेल्या हाताला कफ लावायचा नाही. त्या बाजूला बेडवर ठळक पाटी लावावी, तोंडी सांगितलेलं शिफ्ट बदलली की विरतं.

ट्यूब असलेल्या प्रत्येक पेशंटला कॅप्नोग्राफी (बाहेर पडणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेघ) हवीच, यात मतभेदाला जागा नाही. ट्यूब अन्ननलिकेत गेली तर सॅच्युरेशन काही मिनिटं चांगलं राहू शकतं, पण कार्बन डायऑक्साइडची रेघ लगेच सपाट दिसते. नेहमीचा आकडा ३५ ते ४५. रक्तातल्या आकड्यापेक्षा तो २ ते ५ ने कमी असतो आणि फुप्फुस आजारी असेल तर अंतर बरंच वाढतं. लाटेचा माथा तिरका, शार्कच्या पंखासारखा झाला तर श्वासनलिका आवळलेल्या आहेत किंवा ट्यूब अर्धवट तुंबली आहे. साइडस्ट्रीमच्या (श्वासाचा नमुना मशीनकडे ओढणाऱ्या) बारीक नळीत पाणी साचून रेघ जाते, हा रोजचा बिघाड. वॉटर ट्रॅप बघायचा. ट्यूब नसलेल्या पण ऑक्सिजनवर असलेल्या, मॉर्फिन मिळालेल्या पेशंटला तर ही रेघ अधिकच मोलाची. मास्कवर सॅच्युरेशन ९८ राहतं आणि आत कार्बन डायऑक्साइड चढत जातो.

तापमानाचं थोडक्यात: काखेतला आकडा आतल्यापेक्षा कमी येतो, अन्ननलिकेतला किंवा मूत्राशयातला प्रोब बरा, पण मूत्राशयातला लघवी नीट होत असेल तरच. लघवीची धार मॉनिटरवर येत नाही, तरी माझ्या मते मॉनिटरिंगमधला तो सर्वांत प्रामाणिक आकडा. दर तासाला किलोमागे ०.५ मिली, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ३५ मिली. हळूहळू कमी होत गेली तर काळजी पेशंटची. एकदम शून्य झाली तर आधी नळी बघायची. पाठीखाली दबलेली, गुठळीने अडलेली किंवा बेडच्या खाली झोळी होऊन तिच्यात लघवी साठलेली.

राहिले अलार्म. जॉइंट कमिशन या अमेरिकन संस्थेने एप्रिल २०१३ मध्ये इशारा काढला तेव्हा जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळातल्या अलार्मशी संबंधित ९८ घटना नोंदल्या होत्या, त्यांपैकी ८० मृत्यू. बंद केलेले, ऐकू न आलेले, लिमिट चुकीची ठेवलेले. सतत खोटा वाजणारा अलार्म कानाला ऐकू येईनासा होतो, यात कुणाचा आळस नसतो. उपाय बेडपाशी आहे: पेशंट बघून लिमिट ठरवायच्या. सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या) ज्या पेशंटचं लक्ष्य ८८ ते ९२ आहे त्याच्या सॅच्युरेशनचा खालचा अलार्म ९० वर ठेवला तर तो दिवसभर बोंबलतो, आणि वरची लिमिट कुणी लावतच नाही. आर्ट लाइनला सिस्टोलिक, डायस्टोलिक, मीन तिन्हींचे अलार्म ठेवले तर एका घटनेला तीन घंटा वाजतात, मीनचा पुरे. सक्शन करताना किंवा कूस बदलताना दोन मिनिटांचा पॉझ वापरावा. अलार्म कायमचा ‘ऑफ’ करून ठेवलेला मॉनिटर म्हणजे नुसता टीव्ही.

शिफ्ट बदलताना दोघी सिस्टरनी बेडपाशी उभं राहून पेशंटच्या टोकाकडून सुरुवात करावी. इलेक्ट्रोडवर कालची तारीख आहे का, प्रोबखालचं बोट लाल झालंय का, कफ काढून दंड बघितला का, मनगटाच्या खालून बोटं गरम लागतात का, ट्रान्सड्यूसर फुलीच्या उंचीला आहे का, प्रेशर बॅगचा काटा कुठे आहे. मग स्क्रीन, मग लिमिट वाचून एकमेकींना सांगणं. आणि जाता जाता मॉनिटरच्या कोपऱ्यातलं घड्याळ भिंतीवरच्याशी ताडून बघावं. मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि डिफिब्रिलेटर तिघांची घड्याळं तीन वेगवेगळ्या वेळा दाखवतात आणि रात्री काही घडलं की आधी लय बिघडली, आधी बीपी पडलं की आधी शॉक दिला, हे पट्ट्या समोर मांडूनही लागत नाही.